पान अकरा : अंबूबाईचा आवाज

वैजनाथबाबू हरदास यांच्या हाताला बारा महिने कडुलिंबाचा वास यायचा. नोकरीच्या एकोणतीस वर्षांपैकी तेवीस वर्षं त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुका कचेरीत, रेकॉर्डच्या खोलीत काढली. दर चैत्रात ते शिपायाकडून पोतंभर निंबाचा पाला आणवायचे, वाळवायचे आणि एकेका बस्त्यात, म्हणजे फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, मुठीमुठीनं पेरायचे. कसर लागू नये म्हणून. घरी जेवायला बसले की त्यांची बायको प्रेमला म्हणायची, "आधी हात धुवा, नाहीतर वरणाला कडू चव येते." ते हात धुवायचे, तरी वास जायचा नाही.

माणूस बुटका, गोल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रागीट नव्हता, पण हट्टी असा की विचारू नका. नोकरीला लागले तेव्हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात. कचेरीवरच्या पाट्या दोनदा रंगवल्या गेल्या, शिक्के दोनदा बदलले. वैजनाथबाबू आपले त्याच स्टुलावर. "राज्यं येतात अन् जातात," ते म्हणायचे, "कागद कुठं ठेवला हे मात्र मलाच माहीत असतं." आणि ते खरंच होतं. कुणी म्हणावं, अमक्या गावच्या पाटलाचं बावन्न सालचं प्रकरण, की बाबू डोळे मिटून मांडणी सांगायचे: तिसरी, वरून दुसरा कप्पा, हिरवं फडकं.

फडक्यांचं त्यांचं सगळं शास्त्र होतं. अ वर्ग, लाल फडकं: कायम ठेवायचं. ब वर्ग, हिरवं: तीस वर्षं. क वर्ग, पिवळं: दहा वर्षं. ड वर्ग, पांढरं: वर्ष संपलं की जाळायचं. दर वर्षी होळीच्या आधी ड वर्गाच्या बस्त्यांची मागच्या अंगणात होळी व्हायची आणि त्या दिवशी बाबूंना जेवण जायचं नाही. जाळण्याआधी ते प्रत्येक बस्ता पुन्हा एकदा सोडून बघायचे आणि दोन-चार कागद कुठल्या ना कुठल्या सबबीनं पिवळ्या फडक्यात सरकवायचे. प्रेमला चेष्टा करायची, की माझ्या किराण्याच्या यादीलाही एखाद्या दिवशी वर्ग लावतील.

आणि वर्ग लावण्याइतकाच त्यांचा दुसरा धर्म होता ओवण्याचा. प्रकरणात येणारी प्रत्येक चीज, मग ती चिठ्ठी असो की नकाशा, तिच्यावर पान क्रमांक पडला पाहिजे आणि डाव्या कोपऱ्यातून दाभण घालून ती सुतळीत ओवली गेली पाहिजे. सुटं पान म्हणजे हरवलेलं पान. कडूबा शिपायाला त्यांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, आणि कडूबा शिकवलेलं कधी विसरायचा नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

चौसष्ट साली उंबरधाब्याच्या पांदणीचं प्रकरण आलं. उंबरधाबा म्हणजे डोंगराच्या कुशीतलं चाळीस घरांचं गाव, माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं. वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवायची आणि पहाटे बैलबंडीत घालून बाजार गाठायचा. गावातून सडकेला येणारी पांदण नारायणराव नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या दोन वावरांमधून जात होती. ती जुनी वहिवाट आहे की त्यानं मेहेरबानीनं दिलेली वाट आहे, असा वाद. जुनं सांगू शकेल असं गावात एकच माणूस उरलं होतं, अंबूबाई, सगळ्या गावाची काकी. वय ऐंशीच्या वर, खाटेवरून उठवत नव्हतं. तेव्हाचे तहसीलदार तरुण आणि हौशी. ते चौकशीला गावात गेले नेमकी त्याच दिवशी प्रसिद्धी खात्याची जीप गावोगाव सिनेमा दाखवत फिरत होती आणि तिच्यात एक टेपरेकॉर्डर होता. साहेब म्हणाले, म्हातारीची जबानी यंत्रावरच घेऊ. सगळं गाव यंत्र बघायला लोटलं. म्हातारी बोलली, फीत फिरली, सोबतच्या कारकुनानं चार ओळींचा गोषवारा लिहिला, आणि अंगठ्याची शाई आणायची विसरली म्हणून अंगठा राहिला. उद्या घेऊ म्हणाले. ते उद्या काही आलं नाही. साहेबांनी पांदण खुली असल्याचा हुकूम दिला, नारायणरावानं मान डोलावली आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

प्रकरण रेकॉर्डला आलं तेव्हा त्यात दहा पानं होती आणि पुठ्ठ्याच्या डबीत एक रीळ. वैजनाथबाबूंनी रीळ उलटसुलट करून पाहिलं. कुठं आकडा घालायचा? शेवटी डबीवर लाल पेन्सिलीनं ठळक लिहिलं, "पान ११", आणि कडूबाला सवयीनं म्हणाले, "सगळं ओवून टाक." कडूबानं विचारलं, "बाबूजी, हे बी?" बाबू दुसऱ्या बस्त्यात गुंतले होते. ते म्हणाले, "पान अकरा आहे ना? मग ओव." कडूबानं डबी उघडी केली, रिळाच्या कडेला दाभण लावलं, वरून दगड हाणला आणि सुतळी आरपार ओढून अशी पक्की गाठ मारली की सोडवायला सात वर्षांनी कात्री लागली.

सात वर्षांत बरंच झालं. अंबूबाई गेली. मागोमाग नारायणराव गेले आणि वावरं त्यांच्या मुलाकडे, महादेवरावाकडे आली. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात महादेवरावानं पांदण नांगरून काट्या लावल्या आणि कचेरीत अर्ज ठोकला: जुन्या हुकमाला आधारच नाही, ज्या बाईच्या जबानीवर तो दिला तिचा अंगठा कुठं आहे?

नवे तहसीलदार पुण्याकडचे, कायद्याला काटेकोर. त्यांनी प्रकरण मागवलं. वैजनाथबाबूंनी डोळे मिटून मांडणी आठवली आणि पाच मिनिटांत लाल बस्ता टेबलावर ठेवला. साहेबांनी पानं उलटली. चार ओळींचा गोषवारा, अंगठा नाही. मग रीळ, त्यातून आरपार गेलेली सुतळी, तिची गाठ. साहेबांना हसू आवरेना.

"हे काय आहे?"

"पान अकरा, साहेब. अंबूबाईची जबानी."

"आणि हे अ वर्गात? वैजनाथबाबू, अभिलेख म्हणजे जो वाचता येतो तो. हे वाचून दाखवा मला."

बाबूंनी रिळावर हात ठेवला. साहेब गंभीर झाले. "गुरुवारी सुनावणी आहे. तोवर हे अभिलेख आहे असं सिद्ध झालं तर ठीक. नाहीतर हे ड वर्गात टाका, आणि मला अंगठ्याशिवायच्या चार ओळींवर निकाल द्यावा लागेल. तो कसा लागेल, तुम्हाला कळतंच."

बाहेर व्हरांड्यात अंबूबाईची सून सत्यभामाबाई बसली होती. शेजारी वांग्यांची टोपली. तिनं बाबूंचा चेहरा पाहूनच ओळखलं.

"बाबूजी, आम्ही आता नाल्याच्या अंगानं फेरा मारून येऊन राह्यलो," ती म्हणाली. "दोन कोसाचे पाच झाले. बाजारात पोहचतो तं ऊन चढते, अन् भाजी मान टाकते. पावसात तं नाला उतरूच देत नाही. माह्या सासूनं तं सगळं सांगतलं व्हतं त्या डब्यात. मंग तिचं कोनी ऐकत काऊन नाही?"

वैजनाथबाबू नुसते "बघतो बाई" म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच कचेरी सुटायच्या आधी घरी गेले.

घरी प्रेमला शेवया वळत होती. बाबूंनी सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलेलं दोनदा सांगितलं, कारण तेच बोचत होतं. प्रेमलाचा हात थांबला नाही.

"तुमच्या साहेबांना मोडी वाचता येते?" तिनं विचारलं.

"कुठून येणार? ते आता शिकवतातच कुठं."

"मग तुमच्याकडचे ते मोडीतले बस्ते ड वर्गात का नाही गेले?"

"असं कसं? बुलढाण्याहून मोडी वाचणारा बोलवतो ना आम्ही. तो वाचतो, आम्ही..." वैजनाथबाबू बोलता बोलता थांबले. मग उठले, उभ्यानंच पाणी प्यायले आणि परत बसले. "तू कचेरीत असायला हवी होतीस," ते म्हणाले. प्रेमला म्हणाली, "तिथं शेवया कोण वळेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांपुढे उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले. "साहेब, मोडीचा कागद तुम्हाला वाचता येत नाही, मलाही धड येत नाही. म्हणून तो अभिलेख नाही, असं आपण म्हणत नाही. वाचणारा आणतो. या फितीलाही वाचणारा असतो. गुरुवारी मी तो घेऊन येतो." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. माणूस काटेकोर होता, पण खोटा नव्हता. "आणा," ते म्हणाले.

वाचणारा मिळाला नांदुऱ्यात. स्टेशनजवळ तुळशीरामचं भोंग्यांचं दुकान होतं. लग्न असो, निवडणूक असो की सप्ताह, तुळशीरामचे भोंगे वाजल्याशिवाय पंचक्रोशीत काही पार पडत नसे. त्याच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता, आणि त्याला तो पोटच्या पोराला जपावं तसा जपायचा. एस.टी.च्या धक्क्यांत प्रकरण छातीशी धरून वैजनाथबाबू आणि कडूबा तिथं पोहोचले. तुळशीरामनं रीळ हातात घेतलं आणि सुतळी पाहिली.

"हे कोन केलं बे?"

कडूबा जमिनीकडे बघू लागला. वैजनाथबाबू म्हणाले, "मी." ते खरंच होतं. हुकूम त्यांचा होता. कसरीपासून, वाळवीपासून, पावसापासून सांभाळलं, आणि दाभण घातलं आपणच. डोळे भरून आले, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी तोंड फिरवलं.

तुळशीराम मनाचा चांगला. त्यानं कात्रीनं गाठ कापली, सुतळी हळूहळू ओढली. दाभण वेढ्यांच्या मधून गेलं होतं. बाहेरच्या वीसेक वेढ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पुढच्या काही वेढ्यांना चुण्या होत्या, आणि आतलं सगळं शाबूत. त्यानं चिंध्या कापून कागदात गुंडाळल्या, बाबूंच्या हवाली केल्या, आणि उरलेली फीत यंत्रावर चढवली. आधी अंबूबाई चिमणीसारखी चिवचिवली. "वेग चुकला," तुळशीराम म्हणाला आणि एक खटका फिरवला. मग खाटेवरची म्हातारी त्या दुकानात बोलू लागली. कडूबानं हात जोडले.

चारच वाक्यं झाली असतील, तेवढ्यात तुळशीरामनं यंत्र बंद केलं. "बाबूजी, फीत चुरचुर करून राह्यली. किती डाव चालंन मले सांगता येत नाही. आता गुरुवारीच लावू. अन् त्याच वक्ती माह्या भावाची मशीन बाजूले लावून दुसऱ्या फितीवर उतरवून घेऊ." पुढचं काय आहे हे ऐकायला वैजनाथबाबूंचा जीव तुटत होता. पण ते म्हणाले, "गुरुवारीच."

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली होती. फाटलेल्या वेढ्यांत सुरुवात गेली होती. जुन्या साहेबांचं बोलणं, तारीख, गावाचं नाव, समोर कोण बसलंय ते. आता फीत सुरूच होत होती ती म्हातारीच्या बोलण्यानं. कुणाची म्हातारी, कधीची, कुठली, काही पत्ता नाही. बाबूंनी परतीच्या गाडीत विचार केला आणि उरलेले दोन दिवस मांडण्या धुंडाळल्या. जबानीच्या दिवशीची आवक नोंदवही काढली, तिच्यात "रीळ एक" अशी नोंद होती. जुन्या साहेबांच्या दौऱ्याची डायरी काढली, तिच्यात उंबरधाबा होतं. त्याच दिवशी प्रसिद्धी खात्याच्या जीपला डिझेल दिल्याची चिठ्ठी मिळाली. ती ड वर्गातली, खरं तर पासष्टच्या होळीत जळायला हवी होती, पण बाबूंनी कुठल्याशा सबबीनं पिवळ्या फडक्यात ठेवलेली. फाटक्या चिंध्याही त्यांनी लिफाफ्यात घालून सोबत लावल्या. या वेळी ओवलं काहीच नाही.

गुरुवारी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं उंबरधाबा आलेलं. तुळशीराम दोन यंत्रं घेऊन एस.टी.नं आला होता, एक स्वतःच्या मांडीवर आणि एक कडूबाच्या. महादेवराव पांढरं धोतर नेसून पुढच्या बाकावर बसला होता. उंच, भारदस्त, आवाज पाटलाचा.

"साहेब," तो उठून म्हणाला, "यंत्रातून कोनतीही बुढी बोलू शकते. हे अंबूबाईच कशावरून? नाव नाही, तारीख नाही, अंगठा नाही."

वैजनाथबाबूंनी नोंदवही, डायरी, डिझेलची चिठ्ठी आणि चिंध्यांचा लिफाफा पुढं ठेवला, आणि सुरुवात कशी फाटली, कुणामुळं फाटली, तेही सांगितलं. खोलीत कुजबूज झाली. साहेबांनी सगळं वाचलं. "दिवस आणि गाव जुळतंय," ते म्हणाले. "आवाज कुणाचा, हा प्रश्न उरतोच. लावा."

फीत फिरली. अंबूबाई बोलू लागली. पांदण कुठून सुरू होते, मारोतीच्या ओट्यापासून किती काठ्या, कोणत्या सालच्या पुरात ती वाहून गेली आणि कोणी कोणी मिळून पुन्हा घातली. नारायणरावाच्या बापानं स्वतः पहिली बंडी हाकली, असंही ती म्हणाली. मध्येच खोकली. सत्यभामाबाईनं पदर तोंडाला लावला. महादेवराव ताठ बसून होता, नजर समोरच्या भिंतीवर. फीत जागोजागी चुरचुरत होती आणि तुळशीराम दोन्ही चकत्यांवर बोटं धरून श्वास रोखून बसला होता.

मग म्हातारीचा आवाज एकदम बदलला. ती साहेबांशी बोलायची थांबली होती.

"अन् तू रे महादेवा? तथी भितीले टेकून काऊन उभा हायेस चोरावानी? तुहा बाप नाही बोलनार, मले ठावं हाय. तू सांग. तुले इंचू चावला व्हता, सात वरसाचा व्हतास. रडून रडून निळा पडला व्हतास. तुही माय बाळंत, बाप बाजारात. कोन नेलं तुले दवाखान्यात? कोनत्या वाटेनं नेलं? मी तुले खांद्यावर टाकून याच पांदनीतून पळाली का नाही? बोल नं रे!"

पुढं फितीवर कुणीच बोललं नव्हतं. सात वर्षांपूर्वी त्या खोलीत म्हातारी उत्तराची वाट बघत थांबली होती आणि यंत्रापुढं लाजलेला महादेव भिंतीला टेकून तसाच गप्प राहिला होता. नुसती फीत फिरत होती, सूं सूं.

"हाव काकी," महादेवराव म्हणाला.

त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. आपण बोललो, हे त्याला सगळी खोली आपल्याकडे बघतेय हे दिसल्यावर कळलं. तो उठून उभा राहिला होता, हात जोडलेले. मग त्यानं तोंडावरून उपरणं फिरवलं आणि खाली बसला. "काकीच हाय साहेब," तो म्हणाला. "ल्हा तुम्ही. काट्या मी आजच काढतो."

साहेबांनी लिहिलं. मागं कुणी टाळी वाजवली, कुणी हसलं, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. कडूबा तर तिन्ही करत होता. सत्यभामाबाई उठली आणि आपल्या टोपलीतली सगळी वांगी तिनं वैजनाथबाबूंच्या टेबलावर, थेट नोंदवहीवर ओतली.

सगळे पांगल्यावर साहेबांनी बाबूंना बोलावलं. "आता नोंद करा. अभिलेखाची व्याख्या तुम्हीच लिहा, मी सही करतो." वैजनाथबाबूंनी टाकाला नवी नीब बसवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ध्वनिफीत, जबानी, अ वर्ग. सोबत ठेवणे: कोण, कुठं, कधी बोललं त्याचा कागद, फितीचा वेग, वाजवणाऱ्याचं नाव व गाव. एक प्रत दुसऱ्या फितीवर उतरवून वेगळ्या मांडणीत ठेवणे. दर दोन वर्षांनी वाजवून पाहणे, आवाज क्षीण होण्याआधी नवी प्रत घेणे. यंत्र बदलल्यास नव्या यंत्रावर चालेल अशी फीत करणे. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून: ओवू नये.

साहेबांनी सही केली. वैजनाथबाबूंनी कडूबाला लाल फडकं आणायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी, दुपारी, महादेवराव रेकॉर्डच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. भारदस्त माणूस, पण आत यायचं धाडस होईना. वैजनाथबाबूंनी स्टूल पुढं केलं. त्यांना वाटलं, अपील करायचं असेल, निकालाची नक्कल हवी असेल.

"नक्कल नाही पाह्यजे बाबूजी," तो म्हणाला. "ते एकडाव ऐकू देसान का?"

"अर्ज करावा लागतो," बाबू म्हणाले. "अ वर्ग आहे ना." त्यांनी छापील कागद काढला. महादेवरावाला सहीपलीकडं लिहायची सवय नव्हती, म्हणून ते स्वतःच भरू लागले. नाव. गाव. प्रकरण क्रमांक. पान, अकरा. कारण, या रकान्याशी येऊन त्यांनी वर पाहिलं.

महादेवराव मांडणीकडे बघत होता. "माह्या मायचा फोटू नाही घरात," तो म्हणाला. "तिचा आवाज बी आता ध्यानात नाही. बापाचाही नाही. मले लहानपनी नावानं हाक मारनारं आता कोनीच नाही राह्यलं. काकी तेवढी हाये, तुमच्या डब्यात."

वैजनाथबाबूंनी कारणाच्या रकान्यात "ऐकण्यासाठी" असं लिहिलं, अर्जावर मंजुरीचा शिक्का मारला आणि तुळशीरामला नांदुऱ्याहून बोलावण्यासाठी कडूबाला पुढच्या एस.टी.नं पाठवलं.